सातबाऱ्यावर आप्पा अजून नऊ वर्षांचे होते

माय २ मार्च २०२५ ला, रविवारी पहाटे गेली. घरातच, ओसरीलगतच्या खोलीत, तिच्या नेहमीच्या बाजेवर. आदल्या संध्याकाळी तिनं कळण्याची भाकर दुधात कुस्करून अर्धी वाटी खाल्ली होती. माय म्हणजे माझी आजी, आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आई. आप्पा तिला माय म्हणायचे, मीही मायच म्हणायची आणि गल्लीतली लेकरंसुद्धा मायच म्हणायची.

त्यानंतरचे दोन महिने मी तिच्या कागदांमागे फिरले. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, बँक आणि शिवाय एक असा शेरा, जो सातबाऱ्यावर आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. हे सगळं पहिल्यांदा करताना मला काही समजत नव्हतं. कुणाच्या घरी नुकतंच असं घडलं असेल तर त्यांना थोडा आधार व्हावा म्हणून लिहिते आहे. माणसांची नावं लिहू नको असं आप्पांनी सांगितलंय, म्हणून नात्यांनीच सांगते. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, बोरी नदीच्या काठावर.

तिसऱ्या दिवसाचं आटोपल्यावर ५ मार्चला काका ग्रामपंचायतीत गेले. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर पैसे लागत नाहीत. पुढे विलंब शुल्क, ३० दिवस उलटले की परवानगी, वर्ष झालं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दुःखात हे राहून जातं, म्हणून घरातल्या एकानं ही जबाबदारी पहिल्याच आठवड्यात घ्यावी. मायचं आणि खबर देणाऱ्याचं आधार कार्ड लागलं. घरी मृत्यू झालेला असल्यानं ग्रामसेवकांनी पोलीस पाटलांना आणि आशाताईंना विचारून घेतलं.

फॉर्मवर वयाचा रकाना आला आणि काकांनी मला फोन केला. आधारवर मायची जन्मतारीख ०१/०१/१९४० होती. गावात आधारचा कॅम्प आला तेव्हा ज्यांच्याकडे जन्माचा कागद नव्हता, त्यांना अंदाजानं एक साल आणि १ जानेवारी ही तारीख मिळाली. त्या हिशेबानं माय ८५ वर्षांची. पण माझ्या मोठ्या फुईच्या (फुई म्हणजे आत्या) आधारवर १९४९ साल आहे. म्हणजे माय नवव्या वर्षी आई झाली? ग्रामसेवक भाऊ म्हणाले, आधारवर आहे तेच लिहावं लागेल. त्यांचं बरोबर होतं. १२ मार्चला दाखला हातात आला, त्यावर ८५ लिहिलेलं. आप्पांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "माय पंच्याऐंशीची नव्हती." एवढंच म्हणाले, पण ते मला लागून राहिलं.

दाखल्याच्या मूळ सही-शिक्क्याच्या दोन-तीन प्रती मागून घ्या आणि झेरॉक्स दहा तरी काढा. बँकेत एक, सोसायटीत एक, रेशनला एक, तलाठी कार्यालयात दोन असं करत कधी संपतात कळत नाही. नाव सातबाऱ्यावर जसं आहे तसं दाखल्यावर येतंय का हे नोंद करतानाच बघा. वेगळं असेल तर तिथंच 'ऊर्फ' लावून घ्या. मायचं आधारवर 'बाई' लावून नाव होतं, सातबाऱ्यावर 'बाई' नव्हतं, पुढे 'भ्र.' आणि आजोबांचं नाव. भ्र. म्हणजे भ्रतार. माहेरचं नाव तिसरंच, ते लग्नात बदललेलं. 'ऊर्फ' लावल्यामुळे आमचा एक हेलपाटा वाचला.

गंधमुक्ती (तेराव्याचा विधी) १४ मार्चला, ऐन धुळवडीच्या दिवशी आली. गल्लीतल्या पोरांनी आमच्या दारासमोर रंग खेळला नाही. पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मधल्या फुईनं मायची पेटी उघडली. वर दोन नऊवारी पातळं, खाली सुपारीची चंची आणि तळाशी एका पांढऱ्या फडक्यात बांधलेले कागद. मायला अक्षर ओळख नव्हती. पण कोणता कागद कशाचा हे ती कागदाच्या रंगावरून, जाडीवरून सांगायची. निळा सोसायटीचा, खरबरीत तो शेतसाऱ्याच्या पावत्यांचा, मऊ पडलेला तो रेशनचा. आम्ही काही फेकायला निघालो की म्हणायची, "ठी दे, कामले येस." त्या फडक्यात १९७० पासूनच्या शेतसाऱ्याच्या पावत्या निघाल्या. एकाही वर्षाची चुकलेली नव्हती.

त्या रात्री मी मोबाईलवर डिजिटल सहीचा सातबारा काढला. एका उताऱ्याचे १५ रुपये पडतात, महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतो. खातेदारांत तीन नावं होती. आप्पांचं, काकांचं आणि मायचं. आप्पा आणि काका यांच्या नावाला लागून लिहिलं होतं, 'अ.पा.क. आई'. मला अर्थ लागेना. काकांनाही नाही. आप्पा बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, "अज्ञान पालनकर्ता. मी अज्ञान आहे, माय माझी पालनकर्ती."

आजोबा डिसेंबर १९६८ मध्ये गेले. तेव्हा आप्पा नऊ वर्षांचे, काका सहा. वारस लागले ते दोघं आणि माय. मुलं सज्ञान नाहीत म्हणून आई पालनकर्ती. मुलं अठरा वर्षांची झाली की हा शेरा काढून घ्यायचा असतो, अर्ज करून. कुणी केला नाही. मग उतारा हस्तलिखिताचा संगणकावर गेला आणि शेराही तसाच गेला. आप्पा पासष्ट वर्षांचे झाले, त्यांच्या नातवाला मिसरूड फुटली, पण सरकारच्या कागदावर ते अजून नऊ वर्षांचे होते आणि आईच्या पदराखाली होते.

मग मला आठवलं की दर वर्षी पीककर्जाच्या वेळी आप्पा मायला सोसायटीत घेऊन जायचे. आधी बैलगाडीत, मग फटफटीवर मागं बसवून. तिचा अंगठा लागतो, एवढंच आम्हाला माहीत. का लागतो हे कुणी विचारलं नाही. ती त्या दिवशी नवं पातळ नेसायची.

तुमच्या घरच्या उताऱ्यावर अ.पा.क. किंवा ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) अशी अक्षरं असतील तर आजच बघून घ्या. दोन्ही शेरे अर्जानं निघतात. ज्याचं नाव आहे ते माणूस हयात असताना काढले तर अर्धं काम वाचतं.

दोन दिवसांनी घरात पहिली खरी चर्चा झाली, वारस कोण लावायचे याची. गावातल्या एका जाणत्यानं सल्ला दिला होता की दोघा भावांचीच नावं द्या, बहिणी कशाला, पुढे हक्कसोड करत बसावं लागेल. कायदा मला माहीत होता. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे आईच्या हिश्श्यात मुलगा आणि मुलगी सारखे, आणि मुलगी आधी वारली असेल तर तिची लेकरं तिच्या जागी. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात एक जरी वारस दडवला तरी ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं. मी हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पाच बोलले.

त्यांनी १९७२ चा दुष्काळ काढला. त्या वर्षी मायनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मोठी फुई लग्न होऊन गेलेली. मधली एकोणीस वर्षांची, धाकटी सोळा वर्षांची. दोघी मायबरोबर खडीवर. दुपारी सुकडी मिळायची, ती दोघी अर्धी खायच्या आणि अर्धी ओच्यात बांधून भावांसाठी आणायच्या. मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी आप्पांना गिळवत नव्हत्या, तेव्हा मधली फुई सुकडीत पाणी कालवून त्यांना भरवायची. तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख तेव्हा हातोडीखाली आलं, ते अजूनही वाकडंच आहे. "त्यांनी खडी फोडली म्हणून मी शाळेत गेलो," आप्पा म्हणाले. "तेव्हाच्या फेरफारात त्यांची नावं इतर हक्कात टाकली. आता खातेदारात येतील." (फेरफार म्हणजे उताऱ्यावरच्या बदलाची नोंद; इतर हक्क हा खातेदारांपेक्षा वेगळा रकाना.) काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीच कागदावर पाच जणांची वंशावळ आखायला घेतली.

१८ मार्चला मी तलाठी कार्यालयात गेले. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच. त्यांनी कागद सांगितले ते असे: मृत्यूचा दाखला, सातबारा आणि ८अ (खाते उतारा), सगळ्या वारसांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर, प्रत्येकाचं आधार, पोलीस पाटलांचा दाखला आणि धाकटी फुई वारलेली असल्यानं तिच्याही मृत्यूचा दाखला. शेऱ्यासाठी अर्ज वेगळा, त्याला आप्पा आणि काका यांचे शाळा सोडल्याचे दाखले. वारस नोंदीला सरकारी फी काहीही नाही. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो, पण आमचे दोन अर्ज आणि एक मयत वारस असल्यानं मी समक्ष जायचं ठरवलं. ते बरं झालं. शंका तिथल्या तिथं विचारता आल्या.

धाकटी फुई सुरतला राहायची. खान्देशातली किती घरं तिकडे आहेत, उधना आणि लिंबायतकडे गेलं की अहिराणीच कानावर पडते. फुवा (फुईचे यजमान) तिकडे लूमवर होते. ती २०११ मध्ये तिकडेच गेली. २० मार्चला मी आणि काका अमळनेरहून गाडीत बसलो. फुईच्या पोरानं दाखला शोधून ठेवला होता, पण तो गुजरातीत. परत आल्यावर एका कार्यालयात तो घेतला नाही, मराठी भाषांतर जोडा म्हणाले. एक दिवस गेला. ज्यांचे वारस सुरतेला किंवा इंदूरला आहेत त्यांनी हे आधीच करून घ्यावं. फुईची लेकरं सही करायला एका पायावर तयार होती. फुईच्या लेकीनं, म्हणजे आप्पांच्या भाचीनं, मला निघताना विचारलं, "ताई, आईचं नावपण येईल का त्याच्यात?" वारस म्हणून तुमची नावं येतील आणि फेरफारात आईचं येईल, असं मी सांगितलं. ती रडायला लागली, मग मीही.

२५ मार्चला दोन्ही अर्ज दिले आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. मार्च अखेरची वसुली, मग पाडवा, ईद. आठ दिवस काही हललं नाही आणि मला उगीचच राग येत राहिला. १ एप्रिलपासून शासनाची 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायची. चावडीवर वाचन झालं तेव्हा आमच्या गावातली मयत नावं ऐकत मी उभी होते. काही माणसं मी लहानपणीही पाहिलेली नव्हती, इतकी जुनी. मायचं नाव वाचलं तेव्हा आप्पा उठून बाहेर गेले.

पुढची पद्धत अशी. आधी तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६क मध्ये, नोंद करून चौकशी करतात. मंडळ अधिकाऱ्यांनी वारस ठरवले की नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो. मग सगळ्या संबंधितांना नमुना ९ ची नोटीस आणि हरकतीसाठी १५ दिवस. आमचा फेरफार ९ एप्रिलला धरला. पाच घरी नोटिसा गेल्या. मोठी फुई शहात्तर वर्षांची, तिला नोटीस पाहून धडकी भरली की भावांनी कोर्टात नेलं की काय. आधी फोन करून सांगायला हवं होतं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्ही मात्र सांगा.

ते पंधरा दिवस हातात होते. आप्पांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मायला स्वतःचं साल माहीत नव्हतं, पण दोन गोष्टी ती कायम सांगायची. एक, "पोयाना दुसरा दिन मी झायी," म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी झाले. दुसरी, फैजपूरच्या काँग्रेसला तिचा बाप बैलगाडी जुंपून गेला तेव्हा तिला देवी निघालेल्या होत्या आणि ती बापाच्या मागं लागून रडली होती. फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ चं, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. रडल्याचं आठवतं म्हणजे तेव्हा ती तीन-चार वर्षांची तरी असणार.

पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वही ठेवायचा. गाव नमुना १४, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. त्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून त्या बाहेर निघाल्या आणि गाववार लावल्या गेल्या, त्याचा मला फायदा झाला. १७ एप्रिलला मायच्या माहेरच्या तालुक्याला गेले, शोधाचा अर्ज दिला. वही मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी तिथे येतात, त्यांनी दीड तास पानं चाळली. मी फक्त पणजोबांचं नाव सांगितलं होतं. १९३२ च्या वहीत ते थांबले. तारीख १ सप्टेंबर. बापाचं नाव, जात, गाव, आणि अपत्याच्या जागी एकच शब्द, 'मुलगी'. नाव नाही. मुलींची नावं त्या पानावर कुणाचीच नव्हती.

मी पंचांग पाहिलं. १९३२ चा पोळा ३१ ऑगस्टला होता.

साडेब्याण्णव वर्षं. तिथल्या बाकावर बसून मी आप्पांना फोन केला. ते काही बोलले नाहीत, मग नुसतं "हां" म्हणाले, मग पुन्हा "हां". दाखल्यावरचं वय बदलायचं का, हे मी विचारलं. वारस नोंदीला त्यानं फरक पडत नव्हता, दुरुस्तीत पुन्हा महिना गेला असता. आप्पा म्हणाले राहू दे, आपल्याला कळलं ना.

आमच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात मी आणखी एक कागद पाहिला. शेऱ्याच्या अर्जाला १९६९ चा फेरफार जोडायचा होता, त्याची नक्कल मागताना मूळ प्रकरण समोर आलं. त्यात मायचा जबाब होता, तलाठ्यानं लिहून घेतलेला. 'माझे पती मयत असून मुले लहान आहेत, जमीन मी कसते.' खाली जांभळ्या शाईत डाव्या अंगठ्याची निशाणी. वय छत्तीस. फोटो काढायची परवानगी नव्हती. मी तो ठसा बघत राहिले, कारण त्यात रेषा होत्या, एकेक मोजता येईल अशा. रेशन दुकानाच्या यंत्रावर गेली कित्येक वर्षं तिचा एकही अंगठा उमटत नव्हता. दुकानदार हात पुसायला सांगायचा, तेल लावायला सांगायचा, दहाही बोटं करून बघायचा. कापूस वेचून, खडी फोडून, थापून थापून त्या रेषा गेल्या होत्या. १९६९ मध्ये त्या तिथे होत्या.

मधल्या काळात बाकीची कामं होत गेली. बँकेत नॉमिनी म्हणून आप्पांचं नाव आधीच दिलेलं होतं, त्यामुळे दाखला आणि फॉर्म यावर काम झालं. तिचे श्रावणबाळ योजनेचे दीड हजार ती गेल्यानंतर एकदा खात्यात आले. ते काढू नका, तहसीलला लेखी कळवा. आम्ही कळवलं. रेशनकार्डावरचं नाव पुरवठा विभागात कमी केलं, मतदार यादीसाठी नमुना ७ भरला. नोटरी, झेरॉक्स, नकला, सुरतचं जाणं-येणं सगळं धरून सुमारे २,९०० रुपये लागले.

फेरफार प्रमाणित होण्याआधी नावं अक्षर न् अक्षर तपासा. आमच्या भाचीच्या नावात एक मात्रा चुकली होती, ती वेळेत दिसली. नंतर दिसली असती तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीला जावं लागलं असतं. २८ एप्रिलला, सोमवारी, मंडळ अधिकाऱ्यांनी दोन्ही फेरफार प्रमाणित केले. दुसऱ्या दिवशी पंधरा रुपये भरून मी नवा उतारा काढला.

३० एप्रिलला आखाजी (अक्षय तृतीया) होती. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. माय नसलेली ही पहिली आखाजी, आणि तिच्या नावानं घागर भरायची होती. दोन्ही फुया आदल्या रात्रीच आल्या. सुरतहून भाची आली. सकाळी सांजोऱ्या झाल्या, खापरावर मांडे झाले, आमरस झाला. घागर देवघरापुढं मांडली आणि तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायच्या आधी आप्पांनी उतारा मधल्या फुईच्या हातात दिला.

ती चौथीपर्यंत शिकलेली. चष्मा लावून, वाकडं नख ओळीखाली सरकवत तिनं एकेक नाव वाचलं. आप्पांचं, काकांचं, मोठीचं, मग स्वतःचं. तिथे बोट थांबलं. 'इतर हक्क' मध्ये नाही, वर, खातेदारात. आप्पांच्या नावाजवळ आता काही अक्षरं नव्हती. ती खालपर्यंत वाचत गेली आणि परत वर आली.

"माय कथी शे यामा?"

नावांच्या शेजारी कंसात आकडा होता. मी त्यावर बोट ठेवलं. "हा फेरफार नंबर. तो उघडला की तिथे मायचं नाव आहे, आजोबांचं आहे, धाकट्या फुईचं पण आहे. कधीही काढता येईल."

फुईनं तो आकडा दोनदा मोठ्यानं म्हटला. मग भाचीकडून म्हणवून घेतला आणि डांगर ठेवायला उठली.